कंसाखालची अक्षरे

गणिताच्या सूत्रांत कंसाखाली जी बारीक अक्षरे छापलेली असतात, त्यांचा आकार केवढा असावा, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडावा असे मला काही काळापूर्वीपर्यंत वाटले नसते. तो मुद्रकांचा किंवा फार तर गणिताच्या प्राध्यापकांचा प्रश्न आहे, अशीच माझी समजूत होती. परंतु छंदःशास्त्रावरचे एक छोटे टिपण विद्यार्थ्यांसाठी छापून घेताना जो अनुभव आला, त्याने ही समजूत मोडली. मजकुराचा कोणता भाग मुख्य आणि कोणता गौण, हे ठरवण्याचा अधिकार आपण नकळत यंत्राकडे सोपवतो आणि त्याची किंमत वाचकाला मोजावी लागते, असे आता माझे मत झाले आहे. ते सकारण मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम वस्तू कोणती ते स्पष्ट करतो. महिरपी कंस आपल्या परिचयाचा आहे. तोच आडवा करून एखाद्या सूत्राच्या काही भागाखाली किंवा वर पसरला, की तेवढा भाग एकत्र बांधला जातो, आणि कंसाच्या मधल्या टोकाशी दोनचार शब्द लिहून त्या भागाचा अर्थ सांगता येतो. या शब्दांना सोयीसाठी मी ‘कंसटीप’ म्हणतो. वृत्ताची फोड करताना फळ्यावर आपण हेच करतो. शार्दूलविक्रीडिताच्या एकोणीस अक्षरांखाली तिनातिनांचे कंस घालून म, स, ज, स, त, त अशी गणांची नावे लिहितो आणि उरलेल्या शेवटच्या अक्षराखाली ग लिहितो. म्हणजे कंसटीप ही गणितज्ञांची मिरासदारी नाही. कवितेच्या वर्गात ती रोज वापरली जाते. आपण तिला वेगळे नाव दिलेले नाही एवढेच.

माझे टिपण मात्रावृत्तांतील मोजणीविषयी होते. लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन, एवढ्या नियमावर दिलेल्या मात्रासंख्येत लघुगुरूंच्या किती वेगवेगळ्या रचना होतात, हा आपल्या छंदःशास्त्रातील जुना प्रश्न आहे. विरहांकाने त्याचे उत्तर दिले होते आणि बाराव्या शतकात हेमचंद्रानेही त्याचा विचार केला. एका मात्रेची एक रचना, दोन मात्रांच्या दोन, तीन मात्रांच्या तीन, चार मात्रांच्या पाच, पाच मात्रांच्या आठ. पुढची प्रत्येक संख्या ही मागच्या दोन संख्यांची बेरीज असते. पाश्चात्त्य जगात ही श्रेणी फिबोनाची या इटालियन गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाते. त्याचा ग्रंथ १२०२ सालचा, म्हणजे हेमचंद्रानंतरचा आहे.

बेरजेचे कारण मोठे सुंदर आहे. पाच मात्रांची कोणतीही रचना घ्या. तिचे शेवटचे अक्षर एकतर लघू असेल किंवा गुरू. लघू असेल तर त्याच्या आधी चार मात्रा उरतात, आणि चार मात्रांच्या रचना पाच आहेत. गुरू असेल तर आधी तीन मात्रा उरतात, आणि त्यांच्या रचना तीन आहेत. म्हणून पाच मात्रांच्या रचना आठ. टिपणात हे सूत्ररूपाने असे दिले होते:

८ = ५ + ३

यातील ५ च्या खाली आडवा महिरपी कंस आणि त्याखाली ‘शेवटचे अक्षर लघू असलेल्या रचना’ अशी कंसटीप होती. ३ च्या खाली तसाच कंस आणि ‘शेवटचे अक्षर गुरू असलेल्या रचना’ ही टीप. टिपण छापून आले, वर्गात वाटले गेले. दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीला हे सूत्र फळ्यावर लिहून समजावून सांगायला सांगितले. तिने आठ बरोबर पाच अधिक तीन असे लिहिले आणि थांबली. कंस नाहीत, टिपा नाहीत. मी विचारले, “खालचे कुठे गेले?” ती प्रांजळपणे म्हणाली, “सर, ते वाचता आले नाही. पण बेरीज तर बरोबरच आहे ना?”

बेरीज बरोबरच होती. ती दुसरीतल्या मुलानेही बरोबर ठरवली असती. वर्ग हसला, मीही हसलो. पण घरी आल्यावर टिपणाची प्रत दिव्याखाली धरून पाहिली तेव्हा हसू ओसरले. छापलेल्या पानावर ८, ५ आणि ३ हे आकडे टपोरे होते आणि ज्या शब्दांमुळे त्या आकड्यांना छंदःशास्त्रात अर्थ येतो, ते शब्द मुंगीएवढे. शिरोरेषेखाली नुसती काळी भुकटी पसरलेली होती. सूत्राचा सारा आशय कंसाखाली होता आणि पानाने मात्र वाचकाला सांगितले होते की कंसाखालचे फारसे महत्त्वाचे नाही.

असे का झाले याचा शोध घेता मी ‘टेक’ या अक्षरजुळणी-प्रणालीपर्यंत पोचलो. आमचे टिपण गणित शिकवणाऱ्या एका सहकाऱ्याने तिच्यातच जुळवले होते. ‘टेक’चे जनक डोनाल्ड कनूथ हे अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ. आपल्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रामिंग’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते १९७७ साली त्यांच्या हाती आली. आधीची छपाई शिशाच्या खिळ्यांची होती. ही नवी मुद्रिते प्रकाशजुळणीची होती आणि ती पाहून त्यांची घोर निराशा झाली. तेव्हा त्यांनी अक्षरजुळणीची स्वतःचीच प्रणाली रचायला घेतली. १९८०च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर ‘लाटेक’ उभारले, आणि आज जगभरचे गणित बव्हंशी याच कुटुंबातील साधनांनी छापले जाते. योगायोग असा, की कनूथ यांनी त्याच ग्रंथाच्या पहिल्या खंडात फिबोनाचीच्या आधीचे म्हणून गोपाल आणि हेमचंद्र या भारतीय छंदःशास्त्रकारांचा आवर्जून उल्लेख केला आहे.

या प्रणालीत गणिती मजकुराचे आकार ठरलेले असतात. मूळ अक्षर १० पॉइंटांचे असेल, तर घातांक किंवा पादांक ७ पॉइंटांचा आणि पादांकाचा पादांक ५ पॉइंटांचा. आडव्या कंसासाठी ‘अंडरब्रेस’ नावाची आज्ञा आहे. तिची रचना उलगडून पाहिली तर एक मौजेची गोष्ट दिसते. कंस चार वळणदार तुकडे आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा यांनी बनतो, त्यामुळे तो वरच्या मजकुराच्या रुंदीनुसार हवा तेवढा ताणला जातो. त्याच्याखाली जे लिहायचे, त्याला मात्र यंत्र ‘टीप’ म्हणून ओळखतच नाही. बेरजेच्या सिग्मा चिन्हाखाली जशी मर्यादा लिहितात, तशीच ही एक मर्यादा आहे असे ते धरून चालते आणि तिला पादांकाचा, म्हणजे ७ पॉइंटांचा आकार देऊन मोकळे होते.

यात कनूथ यांची चूक काढण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्या ‘द टेकबुक’ या १९८४च्या ग्रंथात आडव्या कंसांची जी उदाहरणे आहेत, त्यांतील टिपा अगदी त्रोटक आहेत: अमुक इतक्या वेळा, किंवा शून्यापेक्षा मोठे. अशा टिपा मोजतात. वृत्ताच्या फोडीतील गणांच्या टिपा नाव सांगतात. ‘म’ किंवा ‘स’ हे एकेक अक्षर ७ पॉइंटांतही कोणीही वाचील, आणि ते लहान असण्यातच शोभा आहे, कारण वाचकाची नजर मूळ ओळीवरून ढळता कामा नये. परंतु कंसटिपेचा तिसरा एक प्रकार आहे. ती मोजत नाही, नाव सांगत नाही. ती कारण सांगते. ‘शेवटचे अक्षर लघू असलेल्या रचना’ ही पाच शब्दांची टीप म्हणजे एक आख्खे विधान आहे. पहिल्या दोन प्रकारांसाठी बेतलेला आकार तिसऱ्या प्रकाराला चढवला, की विधानाचे चिन्ह होते आणि चिन्हाकडे वाचक विधान म्हणून पाहत नाही. त्या विद्यार्थिनीने पाहिले नाही, त्यात तिचा दोष नव्हता.

देवनागरीच्या बाबतीत ही अडचण दुणावते. रोमन लिपीच्या वाचकाला ७ पॉइंटांचा मजकूर कष्टाने का होईना वाचता येतो. त्याचे एक कारण असे, की कनूथ यांनी आपल्या ‘कॉम्प्युटर मॉडर्न’ या फॉन्टकुलासाठी ७ आणि ५ पॉइंटांची अक्षरे वेगळी आखली. ती अधिक रुंद आणि जाड आहेत. १० पॉइंटांची अक्षरे नुसती आवळून ती तयार झालेली नाहीत. खिळ्यांच्या काळात हे ओघानेच घडे, कारण प्रत्येक आकाराचा ठसा स्वतंत्रपणे कोरावा लागे. देवनागरीचे आजचे बहुतेक फॉन्ट मात्र एकाच आखणीचे असतात. लहान आकार हवा असला की तीच आखणी आक्रसली जाते. त्यात आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षराची शेपटी, अशा तीन मजल्यांची जागा लागते. म्हणून त्याच पॉइंटांत छापले तरी देवनागरी अक्षराचा मधला भाग रोमन अक्षरापेक्षा लहानच दिसतो. ७ पॉइंटांच्या ‘दृष्टी’त ऋकार होता की उकार, हे सांगायला भिंग लागते.

हे सारे सहकाऱ्याला दाखवले, तेव्हा त्याने सहजपणे एक उपाय सुचवला. “टिपा इंग्रजीत ठेवू या. त्या आकाराला इंग्रजी वाचता येते. बाकी मजकूर मराठीतच राहील.” उपाय व्यवहार्य होता आणि मला खरी धास्ती वाटली ती त्याच्या व्यवहार्यतेचीच. मराठीतून एखादा विषय मांडायचा, वाक्ये मराठी लिहायची, आणि जिथे नेमके कारण सांगायचे तिथे लिपी बसत नाही म्हणून भाषा बदलायची. भाषेची अशी माघार कोणी सभेत ठराव करून ठरवत नाही. ती अशाच किरकोळ सोयींतून होत जाते. एका कंसाखाली, मग एका आकृतीत, मग कोष्टकाच्या मथळ्यात. विद्यार्थ्याच्या मनावर मात्र हळूहळू ठसते की मराठी ही प्रस्तावनेची भाषा आणि नेमकेपणाची भाषा दुसरी. त्या आकारात लिपी वाचता येत नसेल तर आकार बदलावा, भाषा बदलू नये, असे मी त्याला म्हटले. तो समंजस माणूस आहे. त्याने संगणक माझ्याकडे वळवला.

त्यानंतरची खटपट मी थोडक्यात सांगतो, कारण तिच्यातून जे शिकलो ते तंत्राइतकेच लेखनाविषयीचे होते. आमच्या जुळणीत मराठी शब्द ‘टेक्स्ट’ या आज्ञेत घातलेले होते. ही आज्ञा आजूबाजूचा आकार ओळखून स्वतः लहान होते. तिच्या जागी ‘एमबॉक्स’ वापरले, तर शब्द पूर्ण १० पॉइंटांत उमटतात. तसे करून पाहिले. अक्षरे स्वच्छ दिसू लागली, पण सूत्र फाटले. कंस ५ या एका आकड्याएवढा अरुंद, टीप त्याच्या कितीतरी पट रुंद. यंत्राने टिपेला जागा देण्यासाठी बरोबरचे चिन्ह डावीकडे आणि अधिकचे उजवीकडे ढकलले. ८, ५ आणि ३ एकमेकांचे कोणी लागत नाहीत, असे पानावर दिसू लागले.

दुसरा उपाय ‘मॅथक्लॅप’ या आज्ञेचा. ती टिपेची रुंदी शून्य आहे असे यंत्राला भासवते, त्यामुळे आकडे आपापल्या जागी राहतात. एकच टीप असती तर काम झाले असते. आमच्या दोन टिपा शेजारीशेजारी होत्या. रुंदीचा हिशेब काढून टाकताच त्या एकमेकींवर चढल्या. तिसरा उपाय संपूर्ण पुस्तकाचे पादांकच मोठे करण्याचा. तशी आज्ञाही आहे, पण ती वापरली की प्रत्येक घातांक आणि पादांक विनाकारण फुगतो. एका टिपेसाठी सगळ्या सूत्रांचे रूप बिघडवणे शहाणपणाचे नव्हते.

शेवटी आकाराशी झगडणे सोडून शब्दांकडे पाहिले. ‘शेवटचे अक्षर लघू असलेल्या रचना’ या टिपेत ‘रचना’ हा शब्द कशासाठी? आठ, पाच आणि तीन या रचनाच आहेत हे सूत्राआधीच्या वाक्यात सांगता येते. ‘अक्षर’ही तिथेच सांगता येते. उरले ‘शेवटी लघू’ आणि ‘शेवटी गुरू’. हे दोन शब्द एकाखाली एक अशा दोन ओळींत मांडले, तर रुंदीही आटोक्यात येते. कंसाखाली ओळी तोडण्यासाठी ‘सबस्टॅक’ नावाची आज्ञा आहे. तीही मुळात लहानच आकार देते, म्हणून प्रत्येक ओळीत आकार वेगळा सांगावा लागला. आम्ही तो ९ पॉइंट ठेवला. ‘शेवटी’ वर आणि ‘लघू’ खाली, हा क्रमही उपकारक ठरला. ‘शेवटी’तील मात्रा आणि वेलांटी वरच्या बाजूला जातात, ‘लघू’चा उकार खालच्या बाजूला, दोन ओळींच्या मधली फट मोकळी राहते. उलटा क्रम असता तर उकार आणि मात्रा एकमेकांत गुंतल्या असत्या.

या मताला एक सबळ आक्षेप आहे आणि तो सहकाऱ्यानेच घेतला. टीप लहान असते ती तुच्छतेने नव्हे, सौजन्याने, असे त्याचे म्हणणे. ज्याला सूत्र समजले आहे त्याच्या वाटेत तिने येऊ नये. ज्याला समजले नाही त्याने वाकून वाचावे. टिपा मोठ्या केल्या तर सूत्र कुठले आणि भाष्य कुठले हेच कळेनासे होईल. हा आक्षेप मला अंशतः मान्य आहे. मूळ आणि भाष्य यांत अंतर हवेच, म्हणून आम्हीही १० पॉइंट ठेवले नाहीत. मात्र सौजन्याची अट अशी, की वाकणाऱ्याला वाचता आले पाहिजे. जी टीप वाकूनही वाचता येत नाही, ती केवळ जाणकारासाठी छापलेली असते, आणि जाणकाराला तिची गरज नसते. मग ती कोणासाठी?

आपल्या हस्तलिखितांच्या परंपरेने या प्रश्नाचा विचार केलेला दिसतो. त्रिपाठ पद्धतीच्या पोथीत मूळ संहिता पानाच्या मधोमध मोठ्या अक्षरांत असते आणि टीका तिच्या वर आणि खाली लहान अक्षरांत. अक्षर लहान, पण वाचण्याजोगे. कारण पोथी टीकेसकट वाचली जावी अशी लेखकाची अपेक्षा असे. आणि भाष्य म्हणजे दुय्यम, असे मानायला मराठी माणसाला तर मुळीच आधार नाही. गीतेच्या सातशे श्लोकांवर ज्ञानेश्वरांनी सुमारे नऊ हजार ओव्या लिहिल्या, आणि आपल्या वाङ्मयाचा मानबिंदू म्हणून आपण त्या भाष्याकडेच बोट दाखवतो. अक्षर लहान असल्याने आशय लहान होत नाही हे खरेच. पण अक्षर दिसलेच नाही तर आशय वाचकापर्यंत पोचत नाही, हेही तितकेच खरे.

यावरून मला काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. मोजणारी किंवा नाव सांगणारी कंसटीप यंत्र देईल त्या आकारात खुशाल राहू द्यावी. कारण सांगणारी टीप मात्र लेखकाने स्वतः आकार ठरवून छापावी आणि देवनागरीत तो आकार तळटिपेच्या आकाराहून कमी असू नये. टीप बसत नसेल तर आधी शब्द कमी करावेत, मग ओळ तोडावी. अक्षरे आवळू नयेत. दोन ओळींतही बसत नसेल, तर ती टीप नसून परिच्छेद आहे हे ओळखून तिला सूत्राबाहेर, साध्या वाक्यांत जागा द्यावी. आणि मुद्रिते तपासताना संगणकाच्या पडद्यावर अक्षरे मोठी करून पाहू नयेत. कागदावर, वर्गाच्या उजेडात, विद्यार्थी पाहील तसे पाहावे. आमची चूक नेमकी इथे झाली होती. पडद्यावर आम्ही पान दुप्पट करून तपासले आणि सारे ठीक आहे असे ठरवले.

आता युनिकोडमुळे आणि २००४ साली आलेल्या ‘झीटेक’सारख्या साधनांमुळे देवनागरी मजकूर गणिताच्या शेजारी बसवणे पूर्वीइतके जिकिरीचे राहिलेले नाही. भाषाविज्ञान, छंदःशास्त्र, संख्यात्मक समीक्षा अशा विषयांवर मराठीत लिहिणाऱ्याला सूत्रे टाळण्याचे कारण उरलेले नाही. साधन आहे, पण साधनाच्या अंगभूत सवयी दुसऱ्या लिपीसाठी आणि दुसऱ्या प्रकारच्या टिपांसाठी जडलेल्या आहेत. त्या तशाच स्वीकारायच्या की आपल्या वाचकासाठी बदलायच्या, एवढेच आपल्या हाती आहे. ते काम जुळाऱ्याचे आहे म्हणून आपण हात झटकू शकत नाही, कारण आज बहुधा लेखक हाच जुळारी असतो.

टिपणाची सुधारलेली प्रत पुढच्या आठवड्यात वाटली. त्याच विद्यार्थिनीने या वेळी फळ्यावर सूत्र लिहिले, दोन्ही कंस काढले, खाली शब्द लिहिले आणि मग कोणी न विचारताच सहा मात्रांसाठी तेरा बरोबर आठ अधिक पाच असे मांडून त्याखालीही तेच शब्द लिहिले. फळ्यावर तिने खालचे शब्द आकड्यांएवढेच मोठे काढले होते. मी त्यांत दुरुस्ती केली नाही.